आंटी मार्लीनचा ठिपक्यांचा वर्ग

ठिपक्यांच्या बाबतीत मला कोणी काही शिकवावं अशी मनीषनगरात तरी परिस्थिती नाही. दिवाळीला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधे जी मोठी रांगोळी पडते ती माझ्या हातची असते, आणि ती पडत असताना बाकीच्या बायका फक्त रंगाच्या पुड्या धरून उभ्या असतात. त्यामुळे मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या भाचीनं, सोनिकानं, वाढदिवसाची भेट म्हणून ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या ठिपकेचित्रांच्या ऑनलाइन वर्गात माझं नाव घातलं, तेव्हा मला काळजी वाटली ती शिकवणाऱ्या बाईची. म्हटलं, पहिल्याच दिवशी फार हुशारी दाखवायची नाही. तिच्याही पोटाचा प्रश्न आहे.

सोनिकाचा हेतू चांगलाच होता. रिटायर झाल्यापासून मी तिला रोज अकराच्या सुमारास फोन करायचे. माझी तेव्हा पोळी-भाजी झालेली असते, पेपर वाचून झालेला असतो, आणि पुढचा दिवस लांबच लांब पडलेला असतो. तिची तेव्हा मुलांना शाळेतून आणायची गडबड. वर्गाची वेळही नेमकी अकराचीच निघाली. हा योगायोग आहे, असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

पहिल्या दिवशी मोरपंखी साडी नेसले. जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक काढून धुतलेला टेबलक्लॉथ घातला, मागच्या भिंतीवरचं औषध कंपनीचं कॅलेंडर उतरवलं आणि शेजारी बशीत बिस्किटं मांडली. बिस्किटं कोणासाठी, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कोणी भेटणार म्हटलं की हात आपोआप बशीकडे जातो. स्क्रीन सुरू झाला तर त्यात शिकवणारी बाई, मी, आणि दोन-तीन काळे चौकोन. चौकोनांत नुसती नावं. थोड्या वेळानं तीही गेली. मग कळलं की वर्गात नावं पुष्कळांनी घातली आहेत, पण सगळे नंतर सवडीनं रेकॉर्डिंग पाहतात. वर्गाच्या वेळी वर्गात असणारी मी एकटीच. अख्खी नोकरी मस्टरवर वेळेत सही करण्यात घालवलेल्या माणसाला सवड ही काय चीज असते ते कळत नाही.

बाईंचं नाव मार्लीन. जाड भिंगाचा चष्मा, पिकत आलेले कुरळे केस, आणि मागे पत्र्याची शेड, लाल माती, झोपलेला कुत्रा. ती ऑस्ट्रेलियाच्या अगदी मधोमध राहायची. तिची माणसं त्या मातीतली फार फार जुनी माणसं, आणि ठिपके ती आईच्या आणि मावश्यांच्या शेजारी बसून शिकलेली. तिनं सांगितलं की मला सगळे आंटी मार्लीन म्हणतात, तूही म्हण. इथं मी अडखळले. एकतर ती वयानं माझ्याहून लहान. शिवाय आपल्याकडे आंटी म्हणजे काय हे सांगायला नको. स्कूटर आडवी घालणारा 'ओ आंटी' म्हणतो, भाव कमी करायचा नसला की भाजीवाला 'आंटी' म्हणतो, आणि या एका शब्दावरून मी एका ऑटोतून अर्ध्या रस्त्यात उतरलेली आहे. तिच्याकडे मात्र तो मान होता. नुसतं वय झालं म्हणून तो मिळत नाही, जाणतेपणानं मिळतो, असं ती म्हणाली. मी मान डोलावली आणि तिला मॅडम म्हटलं.

त्या दिवशी कागदावर फक्त ठिपके काढायचे होते. जवळजवळ, सारख्या आकाराचे, एकमेकांना न लागणारे. मी ते तिच्याआधी काढून मोकळी झाले आणि वेळ उरला म्हणून सवयीनं जोडून टाकले. छान कमळ झालं. कागद कॅमेऱ्यासमोर धरला. आंटी मार्लीननं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि विचारलं की प्रमोदिनी, तू ते जोडलेस कशाला.

मी म्हटलं, ते तिथं होते म्हणून.

ती इतकी हसली की कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन झोपला. मग म्हणाली, राहू दे त्यांना सुटं. आपापल्या जागी बसलेत, बसू दे. मला हसू आलं नाही. पार्किंगमधल्या रांगोळीचा अपमान परदेशात झाला होता, आणि तो पाहायला साक्षीदारसुद्धा नव्हता.

सामान आणायला मी सदरला गेले. दुकानदारानं कॅनव्हास, रंग वगैरे काढता काढता विचारलं की मुलगा कितवीत आहे. मी सांगितलं, हे माझ्यासाठीच आहे. त्यावर त्यानं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी ओळखते, कारण भूमी अभिलेख कार्यालयातल्या टेबलावर बसून मी स्वतः ती लोकांना देत आले. रंग मिळाले, पण ठिपके काढायची काडी त्याच्याकडे नव्हती. ही बातमी बिल्डिंगभर व्हायला लिफ्टमधे एकदा तोंड उघडणं पुरलं. माझ्या खालच्या फ्लॅटमधल्या मैनाबाई मूळच्या उमरेडच्या, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या आणि गुडघ्यांनी वीस. त्यांनी तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, चांगली म्हणून सांगितलं. आता मनीषनगरात तुराटी कुठून आणायची, यावर त्यांचं म्हणणं असं की मनीषनगरात राहायलाच काहून आली. समोरचे धम्मानंद मेश्राम पार्सल ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांनी बंद पडलेल्या बॉलपेनचं टोक सुचवलं आणि बंद पडलेलं पेन कसं ओळखावं हेही सांगितलं. वरच्या मजल्यावरची धनश्री घरूनच कंप्युटरवर नोकरी करते. ती म्हणाली, कानाच्या काड्या. मी औषधाच्या दुकानात जाऊन तीन पाकिटं मागितली, तर दुकानदारानं चूपचाप एक पाकीट दिलं आणि कानाच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला. शेवटी ठिपका नीट उमटला तो अगरबत्तीच्या जळून उरलेल्या काडीनं. त्या माझ्याकडे डबाभर होत्या. कशासाठी ठेवल्या होत्या, देव जाणे.

आठवड्यातून तीन दिवस वर्ग. हळूहळू मला त्या तीन दिवसांची आणि उरलेल्या चार दिवसांची चव वेगवेगळी लागायला लागली. वर्गात आम्ही दोघीच, त्यामुळे शिकवणं लवकर संपायचं आणि मग ठिपके काढता काढता आम्ही बोलायचो. माझं इंग्रजी सरकारी, तिचं तिच्या गावचं. मी 'काइंडली' लावल्याशिवाय वाक्य सुरू करत नसे. तरी जमत होतं. मी सांगितलं की आमचं गावही देशाच्या मधोमध आहे आणि ते पटावं म्हणून इंग्रजांनी एक दगडी खांब रोवून ठेवला आहे. ती म्हणाली, आमच्याकडे ते दगड न रोवताच माहीत होतं. उन्हाळ्याचे आकडे आम्ही एकमेकींना सांगितले. तिनं आधी मोठ्या ऐटीत तिचा सांगितला. मग मी मेमधला आमचा सांगितला. ती उठून कुत्र्याला पाणी ठेवायला गेली. ऑस्ट्रेलियाला हरवायला फार मोठं मैदान लागत नाही.

वर्ग संपला की स्क्रीन काळा व्हायचा आणि त्या काचेत क्षणभर एक बाई दिसायची, चांगल्या साडीतली, हातात अगरबत्तीची काडी घेतलेली. ती मला फारशी ओळखीची वाटायची नाही. मग मी बिस्किटं परत डब्यात भरायचे.

मधे एक प्रकार झाला. तिच्यावर छाप पाडावी म्हणून मी इंटरनेटवरून एक भली मोठी घोरपड शोधली, अंगभर ठिपक्यांची, आणि ती हुबेहूब मोठ्या कॅनव्हासवर उतरवली. मान दुखली, जेवण राहिलं, दूध उतू गेलं. कॅनव्हास स्क्रीनसमोर धरला तेव्हा शाबासकीसाठी चेहरासुद्धा तयार ठेवला होता. आंटी मार्लीननं हातातली काडी खाली ठेवली. मग तिनं सांगितलं की ही घोरपड ज्यांची आहे ते घराणं मला ठाऊक आहे. हे नुसतं चित्र नाही, त्यांच्या जमिनीची गोष्ट आहे, आणि ती काढायचा हक्क त्यांचा. माझ्या मावशीच्या गोष्टीला मीसुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नाही. मी तुला हात शिकवते, गोष्ट तुझी तू आण. ती रागावली नव्हती, म्हणून जास्तच लागलं. सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं असताना त्या शेतात नांगर घालणारे लोक मी टेबलापलीकडून आयुष्यभर पाहिले, आणि आता अगरबत्तीची काडी घेऊन मीच तिथं उभी. कॅनव्हासवर गेरू फासला. घोरपड गेली, पण तिचे ठिपके जरा उंचवट्यासारखे हाताला लागायचे. माझी गोष्ट आणायची म्हणजे कुठून आणायची, हे काही मला सुचेना. मी विचार केला तर मला फक्त अकरा वाजता काय होतं तेवढंच आठवायचं.

आणि नेमकं तेच जायची वेळ आली. वर्ग चालवणाऱ्या संस्थेची ईमेल आली की प्रत्यक्ष हजेरी फार कमी आहे. पुढच्या महिन्याभरात निदान पाच जण हजर नसतील तर वर्ग बंद करून सगळ्यांना आधीची रेकॉर्डिंग पाठवली जातील. शेवटी गैरसोयीबद्दल दिलगिरी होती. गैरसोय हा शब्द मी स्वतः किती पत्रांत टाइप केला असेल याला गणती नाही. आपल्यावर येऊन पडला की तो किती तोकडा असतो, हे टाइप करणाऱ्याला कधी कळत नाही.

मी बिल्डिंगमधे विद्यार्थी गोळा करायला निघाले.

मैनाबाई आल्या त्या दोन अटींवर: लिहायचं नाही आणि जमिनीवर बसायचं नाही. धम्मानंद मेश्रामांनी आधी विचारलं की 'आदिवासी' कोण म्हणतं, 'मूळनिवासी' म्हणायला पाहिजे. मी म्हटलं, तुम्हीच येऊन त्यांना विचारा. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. धनश्री आली कारण तिच्या घरचं इंटरनेट दुपारपर्यंत रुसलेलं असतं आणि माझ्याकडे कोथिंबिरीची सांबारवडी असते. लॅपटॉपवर तिच्या ऑफिसची मीटिंग चालायची आणि हातानं ती ठिपके काढायची. एकदा तिनं चुकून तिच्या साहेबांना सांगितलं की पिवळा अजून ओला आहे, आणि साहेबांनी तो उद्यापर्यंत वाळवायला सांगितला. मी धरून झाले चार. पाचवं माणूस काही मिळेना.

पाचवं माणूस चपलांमुळे मिळालं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सुमंत देवगडे यांना जिन्यावर चपला दिसलेल्या खपत नाहीत. ते जाब विचारायला आत आले ते थेट कॅमेऱ्यासमोर. आंटी मार्लीन म्हणाली, वेलकम सर, बसा. परदेशातून कोणी सर म्हटल्यावर सुमंतराव बसले. मी त्यांच्या हातात काडी दिली. त्यांचे ठिपके आम्हा सगळ्यांपेक्षा सारखे आले, हे मी नाइलाजानं नमूद करते.

ते दिवस काय सांगावे. अकरा वाजायच्या आधीच बेल वाजायला लागायची. मैनाबाईंना चहा बिनसाखरेचा, मेश्रामांना आल्याचा, धनश्रीला कॉफी, सुमंतरावांना चहा नको पण कपभर द्या. सोबत कधी चिवडा, कधी आलूबोंडे. कपबशा पुरेनात म्हणून मी शोकेसमधला, पाहुण्यांसाठी म्हणून कधीच न काढलेला सेट काढला. मी बहुतेक वेळ आतच असायचे. गॅसजवळ उभं राहून बाहेरचं ऐकायचे. मेश्राम दर वर्गाला एक प्रश्न इंग्रजीत तयार करून आणायचे. एकदा त्यांनी विचारलं की एखादं घराणंच संपलं तर त्याच्या गोष्टीचं काय होतं. आंटी मार्लीन म्हणाली, मग ती जमीन सांभाळते. पुढच्या वर्गाला मेश्राम प्रश्न न आणता आले. मैनाबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांनी ते मनावरही घेतलं नाही. त्या स्क्रीनजवळ तोंड नेऊन सरळ विचारायच्या, "तुमच्या इकडं गुडघ्याले काय लावतेत वं?" तिकडून उत्तर यायचं ते कुत्र्याबद्दल. दोघींचं समाधान व्हायचं. बाहेर सगळे हसायचे आणि मी आत, काय झालं ते न कळता, चहाला उकळी येईपर्यंत हसत उभी राहायचे.

महिना संपला आणि संस्थेची ईमेल आली. प्रत्यक्ष हजेरी: एक.

मला वाटलं चूक असेल. मी सविस्तर कळवलं, पाचही जणांची नावं, वयं आणि हुद्द्यांसकट. उत्तर आलं की आमची यंत्रणा माणसं मोजत नाही, जोडलेली यंत्रं मोजते, तरी आणखी एक आठवडा मुदत देत आहोत. माझ्या हॉलमधे पाच माणसं होती, पण यंत्र एक होतं. याविरुद्ध अपील करायची सोय नव्हती. मी शोधली.

मग पुढच्या वर्गाला प्रत्येकानं आपापला मोबाइल आणला आणि हॉलमधे बसून पाचही जण एकदम जोडले गेले. त्याबरोबर घरात असा काही भोंगा सुरू झाला की मैनाबाई भूकंप समजून सोफ्याखाली शिरायला लागल्या. गुडघ्यांमुळे अर्ध्यातच राहिल्या. प्रत्येक फोनमधला आवाज दुसऱ्या फोनमधे शिरून बाहेर येत होता. ऑस्ट्रेलियातला कुत्रा भुंकला, तो पाच फोनांतून निघाला, आणि त्याला मनीषनगरातल्या कुत्र्यांनी खाली उत्तर दिलं. धनश्रीनं सगळ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत पांगवलं. मेश्राम बाल्कनीत, मैनाबाई देवाजवळ, सुमंतराव वॉशिंग मशीनच्या शेजारी. तरी भोंगा थांबेना. आंटी मार्लीन काय शिकवत होती ते त्या दिवशी फक्त सुमंतरावांना कळलं, पण मशीनवर कागद ठेवल्यामुळे त्यांचेही ठिपके जरा हलले.

त्याच दुपारी नोटीस आली. नोटीस घेऊन स्वतः सुमंतराव आले, चहा प्याले, आणि मग खिशातून काढून दिली. म्हणाले, विद्यार्थी म्हणून मला फार आवडतं मॅडम, पण सेक्रेटरी म्हणून तक्रारीची दखल घ्यावी लागते. रहिवासी फ्लॅटमधे 'क्लासेस' चालवणे, जिन्यात पादत्राणे, मोठा आवाज. परवानगी हवी असल्यास अर्ज करावा आणि शेजाऱ्यांच्या ना-हरकती जोडाव्या. शेजारी म्हणजे माझेच विद्यार्थी. मी मेश्रामांकडे गेले. ते म्हणाले, ताई, उपविधी वाचल्याशिवाय मी आयुष्यात सही केली नाही. उपविधींची प्रत जुन्या सेक्रेटरींकडे होती, आणि जुने सेक्रेटरी फ्लॅट विकून रायपूरला गेलेले. मैनाबाई सही करायला एका पायावर तयार होत्या, म्हणजे जितक्या होता येईल तितक्या. पण फ्लॅट मुलाच्या नावावर आणि मुलगा हैदराबादला. माझ्या अर्जावर मीच टेबलावर बसले असते तरी 'त्रुटींची पूर्तता करावी' असाच शेरा मारला असता.

तोडगा धनश्रीनं काढला. ती म्हणाली, "काकू, सगळे आपापल्या घरून जॉइन होतील ना. लिंक तर एकच आहे. नोटीस पण खतम, भोंगा पण खतम."

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. सुमंतरावांनी नोटीस तिथंच मागं घेतली. मेश्राम म्हणाले, हे आधीच सुचायला पाहिजे होतं. मी त्या तोडग्यात त्रुटी शोधली. सगळा जन्म त्रुटी काढण्यात गेलेल्या बाईला त्यात एकही सापडली नाही.

वर्ग वाचला. संस्थेनं अभिनंदन कळवलं. पुढच्या वर्गाला स्क्रीनवर सगळे होते, प्रत्येक जण आपल्या चौकोनात, मागे आपापला पडदा, आपापलं कपाट. मैनाबाईंचा कॅमेरा बहुतेक वेळ त्यांच्या कपाळावर असायचा. माझ्या हॉलमधे मी आणि सोफा. सवयीनं मी सांबारवडी पाचांच्या हिशेबानं केली होती. वर्ग संपल्यावर एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीची चव लागेना. खिडकी उघडी असताना खालच्या मैनाबाई खोकल्या की तो खोकला आधी खिडकीतून यायचा आणि क्षणभरानं फोनमधून. एकाच बाईचा खोकला दोनदा, एकदा मनीषनगरातून आणि एकदा ऑस्ट्रेलियाहून वळसा घालून. बेल मात्र वाजायची नाही. एकदा वाजली तर मी धावत गेले. वरच्या धनश्रीचं पार्सल होतं, त्या माणसानं मजला चुकवला होता.

शेवटच्या कामासाठी आंटी मार्लीननं सांगितलं की आता कोणाचीही गोष्ट घ्यायची नाही. तुमची माणसं जिथं एकत्र बसतात अशी एक जागा काढा. वरून पाहिल्यासारखी, पण आभाळातून नाही, तिथं राहणाऱ्यानं पाहावी तशी. कोण कुठं बसतं, मधे काय असतं. खुणा तुमच्या तुम्ही ठरवा.

मी गेरू फासलेला तोच कॅनव्हास घेतला. पुष्कळ विचार केला, आणि आमची बिल्डिंग काढली. प्रत्येक फ्लॅट एक वर्तुळ, त्यात एक ठिपका, आणि वर्तुळाभोवती ठिपक्यांच्या रांगाच रांगा. एकाही रांगेला दुसरी लागू दिली नाही. काम फार सफाईदार झालं. आंटी मार्लीन पहिल्या दिवसाची आठवण काढून खूश होईल असं वाटलं.

चित्रं दाखवायच्या दिवशी मी पुन्हा मोरपंखी साडी नेसले. आधी मेश्रामांनी दाखवलं. मधोमध पंखा, त्याखाली टेबल, टेबलाभोवती वेगवेगळ्या रंगांची चार माणसं. मला तो टेबलक्लॉथ ओळखीचा वाटला. मग धनश्री. तिच्या चित्रात तेच टेबल, आणि त्याच्यापासून निघालेल्या चार्जरच्या वायरी, नदीसारख्या वळत गेलेल्या, आणि वायरींच्या काठानं चार माणसं. सुमंतरावांनी दारातल्या चपलांपासून सुरुवात केली होती, प्रत्येक जोड अगदी सरळ, आणि आत तेच टेबल. मैनाबाईंनी कागद कॅमेऱ्याला चिकटवला, तो मागे घ्यायला सांगण्यात बराच वेळ गेला. मागे घेतला तर कागदभर एक मोठी गोल बशी, हळदीसारखी पिवळी, आणि कडेनं चार लहान ठिपके तिच्याकडे तोंड करून बसल्यासारखे.

चौघांनीही माझा हॉल काढला होता. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मी माझा कॅनव्हास हातात धरून होते, तो वर उचलला नाही.

आंटी मार्लीननं चारही चित्रं पुन्हा एकदा दाखवायला सांगितली. तिला ती फार आवडली, ते दिसत होतं. चष्मा वर करून तिनं एकेक माणूस मोजलं. मग तिनं विचारलं, व्हेअर इज प्रमोदिनी.

मेश्रामांनी आपला कागद जवळ घेऊन पाहिला. सुमंतराव स्वतःच्या चित्रातल्या चपला मोजत असावेत. धनश्रीचा हात तोंडाशी गेला. तेवढं इंग्रजी मैनाबाईंना कळलं, आणि खिडकीतून त्यांचा आवाज वर आला:

"थे आत चहा करून राहिली ना बाप्पा. थे कुठून दिसन?"

आणि मग तेच फोनमधून पुन्हा आलं, शब्दन् शब्द.

मी कॅमेरा बंद केला. त्या वर्गात मी तो पहिल्यांदाच बंद केला. आम्हा पाच जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की लाइट गेली. लाइट गेली नव्हती, डोक्यावर पंखा गरगरत होता, आणि बिल्डिंगमधे लाइट गेली की सगळ्यांचीच जाते, हे त्या चौघांनाही ठाऊक होतं. कोणी तसं लिहिलं नाही. सुमंतरावांनी तर लिहिलं की हो, व्होल्टेज जरा कमीच आहे.

वर्ग त्याच आठवड्यात संपला. शेवटच्या दिवशी मी तिला आंटी म्हटलं आणि तिनं काही विशेष झालं असं दाखवलं नाही. सोनिकाला फोन केला, तर ती म्हणाली की मावशी, पुढच्या महिन्यात मातीच्या भांड्यांचा एक वर्ग आहे, नाव घालू का. मी म्हटलं, कळवते.

नंतर एका दुपारी बेल वाजली. दारात मैनाबाई. लिफ्ट बंद होती, म्हणजे त्या जिन्यानं आल्या होत्या, आणि बोलायला लागण्याआधी चौकटीला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी सवयीनं स्वयंपाकघराकडे वळले, तर त्यांनी माझा दंड धरला. हात चांगला जड आहे त्यांचा.

"तू बस आज," म्हणाल्या. "मी मांडतो चहा."

मी म्हटलं, तुमचे गुडघे. त्या म्हणाल्या, गुडघ्यानं थोडीच मांडावा लागते. मला सोफ्यावर बसवून त्या आत गेल्या.

मी बसले. आपल्याच हॉलमधे पाहुण्यासारखी, हात मांडीवर ठेवून. इथं बसलं की खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते, हे मला ठाऊक नव्हतं. आत भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. नळ सुरू झाला, बंद झाला. लायटर चार वेळा वाजला आणि पाचव्यांदा गॅस पेटला. एक डबा उघडला, पुन्हा लावला. माझ्या स्वयंपाकघरात मी नसताना काही वाजतंय, हे मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"साखर कुठं ठेवली वं?" मैनाबाईंनी आतून विचारलं.

साखर ओट्यावरच होती, त्यांच्या अगदी समोर, निळ्या झाकणाच्या बरणीत. मी लगेच सांगितलं नाही. त्या एकेक डबा काढत होत्या, झाकणं वाजत होती, आणि ती अजून थोडा वेळ वाजली असती तर माझी काही हरकत नव्हती.